जमेला पिन लागत नाही

पर्युषणाआधीची आवराआवर असो, दिवाळीची साफसफाई असो किंवा नव्या सदनिकेत जाण्याची तयारी, व्यापारी कुटुंबांच्या घरांत अलीकडे एक गोष्ट हमखास घडते. पूर्वी जी वस्तू माळ्यावर चढायची किंवा भंगारवाल्याच्या हातगाडीवर जायची, तिचे आता मोबाइलवर छायाचित्र निघते आणि ती विक्रीला लागते. मुलाला लहान पडलेली सायकल, वर्षानुवर्षे झाकून ठेवलेले शिवणयंत्र, दुकानाचे नूतनीकरण करताना काढलेला काचेचा काउंटर, बैठकीतील जुना सोफा अशा वस्तू ओएलएक्सवर, फेसबुक मार्केटप्लेसवर किंवा गृहसंकुलाच्या व्हॉट्सॲप गटावर झळकतात. वापरात नसलेला परिग्रह हलका व्हावा, वस्तू गरजवंताच्या घरी जावी आणि चार पैसेही हाती यावेत, हा विचार उत्तमच आहे.

मात्र या विक्रीत एक विचित्र गोष्ट दिसते. ज्या घरातील कर्ता पुरुष दुकानात रक्कम खात्यावर दिसल्याशिवाय मालाचे एक पोतेही सोडत नाही, त्याच घरातून चौदा हजारांचा सोफा विकताना तीस-चाळीस हजार रुपये निघून जातात. सोफा जागेवरच राहतो आणि पैसे मात्र जातात. व्यापारी माणसाला हे कोडेच वाटते. पैसे खरेदीदाराने द्यायचे असतात, मग ते विक्रेत्याच्या खात्यातून गेलेच कसे? हे कोडे नीट उलगडले, तर या फसवणुकीवरचा निम्म्याहून अधिक उपाय हाती येतो.

घासाघीस न करणारे गिऱ्हाईक

या फसवणुकीचे नेहमीचे रूप असे असते. जाहिरात झळकल्यावर थोड्याच वेळात फोन येतो. बोलणारा हिंदीत, अदबीने बोलतो. 'आंटीजी' किंवा 'अंकलजी' अशी सुरुवात करतो. आपण सैन्यात आहोत, नुकतीच या शहरात बदली झाली आहे, कुटुंब पुढच्या आठवड्यात येणार आहे आणि सोफा पसंत आहे, असे तो सांगतो. खात्री पटावी म्हणून ओळखपत्राचे आणि गणवेशातील छायाचित्र पाठवतो. ही छायाचित्रे बहुधा दुसऱ्याच कोणाची तरी, चोरलेली असतात. ज्या जवानाचा चेहरा त्यांत दिसतो त्याला याचा पत्ताही नसतो. सांगितलेली किंमत हा ग्राहक तत्काळ मान्य करतो, प्रत्यक्ष पाहायला येण्याची गरज नाही म्हणतो आणि 'जाहिरात लगेच काढून टाका, पैसे आत्ताच पाठवतो' असा आग्रह धरतो.

सैनिकाचेच सोंग का, याला कारण आहे. सैन्याविषयीचा आदर संशयाला जागा देत नाही. शिवाय दूर नेमणूक असल्याने स्वतः येता येत नाही, ही सबब त्या सोंगातच आयती मिळते. रिझर्व्ह बँकेच्या वतीने २०२२ मध्ये 'बी अवेअर' नावाची एक पुस्तिका निघाली. आर्थिक फसवणुकीच्या निरनिराळ्या तऱ्हा तीत नोंदवलेल्या आहेत. दुर्गम भागात नेमणूक असलेला संरक्षण दलातील कर्मचारी असल्याचे भासवून ऑनलाइन विक्रेत्याचा विश्वास मिळवायचा, ही तऱ्हाही त्या पुस्तिकेत स्पष्टपणे दिलेली आहे. म्हणजे ही युक्ती नवी नाही, गुप्तही नाही. तरीही ती चालते.

पिढ्यान्‌पिढ्या गादीवर बसलेल्या घरात तरी पहिल्या दमात सांगितलेला भाव मान्य करणारे गिऱ्हाईक खटकायला हवे. वापरलेला सोफा कोणी न पाहता चौदा हजारांना घेत नाही. जो घरी येतो, बैठक दाबून पाहतो, पायाला वाळवी लागली आहे का ते वाकून तपासतो आणि शेवटी 'आठला देता का?' असे विचारतो, तो माणूस खरा असण्याचा संभव कितीतरी अधिक. घासाघीस करणाऱ्याचा राग येतो खरा, पण घासाघीस हा खऱ्या गरजेचा पुरावा असतो.

पुढची पायरी पाच-दहा रुपयांची असते. 'मोठी रक्कम आहे, आधी तपासून पाहू' असे म्हणून तो विक्रेत्याला पाच रुपये पाठवायला सांगतो आणि लगेच दहा रुपये परत पाठवतो. विश्वास बसतो. मग व्हॉट्सॲपवर एक क्यूआर कोड येतो. 'हा स्कॅन करा, पिन टाका, चौदा हजार तुमच्या खात्यात येतील.' पिन टाकताच चौदा हजार वजा होतात. फोनवरचा माणूस मात्र गडबडत नाही, उलट तोच दिलगीर होतो. 'अरे, व्यवहार उलटा झाला, यंत्रणेत अडकला. दुसरा कोड पाठवतो, दोन्ही रकमा एकदम परत येतील.' गेलेले पैसे परत मिळवण्याच्या धडपडीत पिन दुसऱ्यांदा टाकला जातो, कधी तिसऱ्यांदाही. सोफ्याच्या किमतीच्या दुप्पट-तिप्पट नुकसान होते ते याच क्षणी.

सही कोणी करायची?

नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने २०१६ मध्ये यूपीआय सुरू केले. तेव्हापासून त्यातील एक गोष्ट बदललेली नाही: पिन ही देणाऱ्याची सही आहे. धनादेशावर ज्याच्या खात्यातून पैसे जायचे आहेत तो सही करतो. ज्याला पैसे मिळायचे आहेत त्याच्याकडून धनादेशाच्या तोंडावर सही कोणी मागितली, तर कोणताही मुनीम कान टवकारील. पिनचे नेमके तेच आहे. खात्यातील शिल्लक पाहण्यासाठी पिन लागतो हे खरे, पण पैसे स्वीकारण्यासाठी तो कधीही लागत नाही. वहीच्या भाषेत सांगायचे तर नावे टाकायला पिन लागतो, जमेला लागत नाही.

क्यूआर कोडचेही असेच. त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनात पैसे कोणाला पोहोचवायचे त्याचा पत्ता दडलेला असतो, आणि काही वेळा रक्कमही. तो कोड स्कॅन करणे म्हणजे त्या पत्त्यावर पैसे पाठवायला निघणे. हे व्यापारी कुटुंबाला वेगळे शिकवण्याची गरज नाही, कारण हा चौकोन त्यांच्या गल्ल्यावर रोज उभा असतो. तेथे कोड दुकानदाराचा असतो आणि स्कॅन ग्राहक करतो. दुकानदाराने स्वतःच्या खात्यात पैसे यावेत म्हणून ग्राहकाचा कोड स्कॅन केला, असे दृश्य कोणत्याही बाजारपेठेत दिसणार नाही. घरात बसलेल्या विक्रेत्याला मात्र नेमके तेच करायला सांगितले जाते आणि त्यातला उलटेपणा ध्यानात येत नाही.

काही वर्षे याला आणखी एक वाट होती. यूपीआयमध्ये कोणीही कोणाकडेही पैशांची मागणी पाठवू शकत असे. समोरच्याच्या पडद्यावर ती मागणी उमटे आणि त्याने पिन टाकला की रक्कम जाई. भामटे याच सोयीचा वापर करून 'मी पैसे पाठवले आहेत, तुम्ही फक्त स्वीकारा' असे सांगत. व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. हा निर्णय योग्यच झाला. मात्र त्या निर्णयाने व्यावसायिक खात्यांकडून येणारी मागणी बंद केली नाही आणि क्यूआर कोड तर आहेच. त्यामुळे एक दार बंद झाले म्हणून घर सुरक्षित झाले, असे मानता येत नाही.

खरे म्हणजे या सगळ्यात पडदा खोटे बोलत नाही. पैसे जाणार आहेत, कोणाला जाणार आहेत आणि किती जाणार आहेत, हे त्यावर लिहिलेले असते. खोटे बोलतो तो कानाशी असलेला आवाज. डोळ्यांपुढे 'पे' हा शब्द असतो आणि कानात 'मिळतील' हा शब्द असतो. घाईत माणूस कानावर विश्वास ठेवतो. म्हणून फोन चालू असताना पैशांचे ॲप उघडायचेच नाही, हा साधा नेम फार उपयोगी पडतो. फोन ठेवावा, दोन घोट पाणी प्यावे, मग पडदा वाचावा. समोरचा खरा ग्राहक असेल तर पाच मिनिटांनी पळून जात नाही. 'फोन ठेवू नका, नाहीतर व्यवहार रद्द होईल' असे जो म्हणतो, त्याच्याशी व्यवहार रद्द झालेलाच बरा.

याच ओघात 'पैसे येत नाहीत ना, मी मदत करतो' असे म्हणून एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखे ॲप उतरवून घ्यायला सांगितले जाते. ही ॲप मुळात दूरच्या संगणकाची दुरुस्ती करण्यासाठी आहेत. ती चालू केल्यावर आपल्या पडद्यावरचे सारे समोरच्याला दिसते. सोफा विकण्यासाठी त्यांची गरज पडण्याचे काहीही कारण नाही.

कूटलेख

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. सत्य अणुव्रताच्या अतिचारांमध्ये 'कूटलेखक्रिया' येते. खोटा लेख तयार करणे, खोटी कागदपत्रे रचणे असा तिचा अर्थ. शास्त्रकारांपुढे त्या काळचे व्यवहारपत्र असणार. आजचा कूटलेख म्हणजे पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट. अस्सल ॲपसारखा हुबेहूब पडदा दाखवणारी बनावट ॲप निघाली आहेत. नाव, रक्कम, वेळ, हिरवी खूण, सारे त्यात दिसते आणि खात्यात मात्र काहीच आलेले नसते. दुकानांत रक्कम जमा होताच मोठ्याने बोलणारा साउंडबॉक्स किती कामाचा आहे, हे अशा वेळी कळते. गर्दीच्या वेळी ग्राहकाने पुढे केलेला पडदा पाहून माल देणे धोक्याचे आहे, हे दुकानदार शिकला. घरातील सोफ्याला मात्र साउंडबॉक्स नसतो.

कूटलेखाचे दुसरे रूप म्हणजे खोटा एसएमएस. 'आपल्या खात्यात १४,००० रुपये जमा' असा मजकूर, बँकेच्या संदेशासारखीच ठेवण. तो साध्या दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून आलेला असेल तर तो बँकेचा नाही, हे ओळखावे. बँकांचे संदेश त्यांच्या नावाच्या अक्षरी संक्षेपाने येतात. पण एवढ्यावरही विसंबू नये. संदेश हा केवळ निरोप आहे, रक्कम नव्हे. बँकेचे ॲप स्वतः उघडून किंवा पासबुक पाहून खात्याच्या उताऱ्यात ती नोंद दिसली, तरच पैसे आले.

हा खोटा संदेश दोन प्रकारे वापरला जातो. पहिल्या प्रकारात टेम्पो दाराशी उभा असतो. चालक खराखुरा, भाड्याने बोलावलेला. त्याला कशाचीच कल्पना नसते. फोनवरचा ग्राहक स्क्रीनशॉट पाठवतो आणि 'चालकाचा वेळ जातो आहे, सामान चढवा' अशी घाई करतो. दाराशी ताटकळलेल्या गरीब चालकाची कणव येऊन गृहिणी होकार देते. जीवदयेचे संस्कार असलेल्या घरात हे अगदी स्वाभाविक आहे आणि भामट्याला ते पुरेपूर ठाऊक असते. चालकाला पाणी-चहा द्यावा, खुर्ची द्यावी. वस्तू मात्र उताऱ्यात नोंद दिसल्यावरच टेम्पोत चढवावी.

दुसऱ्या प्रकारात वस्तू नको असते, पैसेच हवे असतात. दोन हजारांच्या सायकलीसाठी 'चुकून वीस हजार पाठवले' असा फोन येतो, सोबत तसा संदेशही येतो. बोलणारा रडकुंडीला आलेला असतो, घरात कोणीतरी रुग्णालयात असते, आणि 'अठरा हजार तेवढे परत करा' अशी विनवणी चालते. दुसऱ्याचा पैसा आपल्याकडे राहू नये, ही प्रामाणिक माणसाची पहिली भावना असते. त्या भावनेच्या भरात तो स्वतःचेच अठरा हजार पाठवून देतो. खरोखर चुकून रक्कम आली असेल, तरी ती त्या व्यक्तीच्या खात्यावर परस्पर पाठवण्याची घाई करू नये. आपल्या बँकेला कळवून बँकेमार्फत ती परत करावी. प्रामाणिकपणा त्यात तसूभरही कमी होत नाही.

तिसऱ्याचे पैसे

आतापर्यंतच्या प्रकारांत नुकसान दिसते तरी. याहून एक वाईट प्रकार आहे. त्यात सौदा पार पडतो, पैसे खरोखर खात्यात येतात, वस्तू जाते, सगळे समाधानी असतात. महिना-दोन महिन्यांनी बँकेतून कळते, की खात्यातील रक्कम अथवा संपूर्ण खातेच गोठवण्यात आले आहे.

असे होते, कारण पैसे देणारा आणि वस्तू नेणारा एकच नसतो. भामटा कोणाची तरी जुन्या मोटारसायकलीची जाहिरात उचलतो, तीच छायाचित्रे लावून कमी किमतीत दुसरी जाहिरात देतो. खऱ्या मालकाला सांगतो, 'माझा भाऊ गाडी पाहायला येईल, त्याच्याशी किमतीविषयी बोलू नका, तो माझ्याकडून पैसे घेणार आहे.' येणाऱ्या ग्राहकाला सांगतो, 'गाडी माझ्या मेहुण्याच्या दारात आहे, पाहून घ्या, पैसे मला पाठवा.' दोघेही प्रामाणिक, समोरासमोर उभे, आणि किमतीविषयी एक शब्द न बोलण्याचे दोघांनाही बजावलेले. ग्राहक पैसे भामट्याला पाठवतो आणि गाडीची किल्ली मागतो. मालक म्हणतो, मला तर काहीच मिळाले नाही. दोन सज्जन एकमेकांना चोर ठरवून भांडत बसतात आणि खरा चोर त्या अंगणात पाऊलही टाकत नाही. एकमेकांना थेट 'किती दिले आणि कोणाला दिले?' असे विचारले असते, तर हा डाव जागीच उधळला असता.

कधी याच डावात पैसे मालकाच्याच खात्यात येतात, पण ते पाठवणारा असतो दूरच्या गावचा, कशात तरी फसलेला तिसराच माणूस. त्याने तक्रार केली की पोलिसांचा माग पैशांच्या वाटेने चालत येतो आणि ज्या ज्या खात्यात ती रक्कम पोहोचली, तेथे तेथे टाच येते. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'तदाहृतादान' सांगितले आहे, म्हणजे चोराने आणलेली वस्तू घेणे. जाणूनबुजून कोणी श्रावक असे करणार नाही, पण अजाणता चोरीचा पैसा आपल्या वहीत जमा होण्याची वाट या काळाने फार सोपी करून ठेवली आहे.

दुकानात हा नियम सर्वांना तोंडपाठ असतो: बिल ज्याच्या नावावर, पैसे त्याच्या खात्यातून. परक्याच्या खात्यातून आलेली रक्कम जमा करताना मुनीम चौकशी करतो. जुनी वस्तू विकतानाही तेच करावे. पैसे कोणत्या नावाने आले ते पाहावे, घ्यायला आलेल्या माणसाच्या नावाशी ते जुळत नसेल तर तेथेच थांबून विचारावे. एका साध्या कागदावर वस्तूचे वर्णन, किंमत, तारीख, दोघांची नावे आणि सह्या घेऊन विक्रीची चिठ्ठी करावी. मोबाइल किंवा वाहन असेल तर ही चिठ्ठी अत्यावश्यकच. वाहनाच्या बाबतीत परिवहन कार्यालयातील नावबदल होईपर्यंत जबाबदारी मूळ मालकाच्या मानेवर राहते. उद्या कधी खाते गोठले, तर जाहिरातीची नोंद, झालेला संवाद आणि ही चिठ्ठी दाखवूनच आपली रक्कम विक्रीची होती, हे पटवता येते. वीस रुपयांच्या नारळाचीही नोंद करणाऱ्या समाजाला ही चिठ्ठी जड वाटू नये.

रोखीचा व्यवहार जुना वाटला, तरी लहान वस्तूंसाठी तो आजही सरळ आहे. नोटा नीट पाहून घ्याव्यात एवढेच. मोठ्या वस्तूंत मात्र एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, हे मोटार विकणाऱ्याने विसरू नये.

पेढीचा फोन, घरचा सौदा

व्यापारी कुटुंबाला या बाबतीत नोकरदार कुटुंबापेक्षा अधिक धोका आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. पगारदाराच्या खात्यात महिनाअखेरीस जे उरते तेवढेच जाऊ शकते. व्यापाऱ्याच्या मोबाइलवर पेढीचे चालू खाते असते. त्यात सकाळी व्यापाऱ्यांना द्यायचे पैसे असतात, जीएसटी भरायचा असतो, हुंड्या-धनादेश वटायचे असतात. अनेक घरांत तोच क्रमांक जाहिरातीत दिला जातो, त्याच यूपीआयवर सायकलीचे दोन हजार मागवले जातात. त्या दोन हजारांपायी पेढीचे खाते गोठले, तर दुसऱ्या दिवशीचे धनादेश परत जातात आणि बाजारात जी कुजबुज सुरू होते तिची भरपाई कोणतीही बँक देत नाही.

म्हणून घरच्या किरकोळ सौद्यांसाठी वेगळे बचत खाते असावे, त्यात मोजकीच शिल्लक ठेवावी आणि त्याचे यूपीआय वेगळ्या मोबाइलवर असावे. पेढीचा क्रमांक कोणत्याही जाहिरातीत जाऊ नये. घरातील आजी-आजोबांच्या नावाने मुदतठेवी असलेल्या खात्याला यूपीआय जोडलेच पाहिजे असे नाही. जोडले असेल तर बँकेच्या ॲपमधून दिवसाची मर्यादा कमी करून घेता येते.

समाजाच्या व्हॉट्सॲप गटांविषयीही थोडे बोलायला हवे. गटात सर्व आपलेच, तेथे कसली भीती, असा समज असतो. पण शेकडो सदस्यांच्या गटात कोणाचा क्रमांक कोणी आणि केव्हा जोडला, हे गटाच्या चालकालाही अनेकदा सांगता येत नाही. सदस्यांची आडनावे, गावे, कोणाकडे कोणते कार्य आहे, हे सारे तेथे उघड्यावर असते. 'जय जिनेंद्र' म्हणायला कोणाचा परवाना लागत नाही, आणि प्रतिमेच्या जागी तीर्थक्षेत्राचे छायाचित्र लावायलाही नाही. साधर्मिकाविषयीचा विश्वास हे समाजाचे मोठे भांडवल आहे. म्हणूनच ते ओळख पटवून खर्च करावे. गटातील अनोळखी क्रमांकाला, त्याच्या गावातील आपल्या एखाद्या पाहुण्याचे नाव विचारले आणि मग त्या पाहुण्याला फोन केला, तरी बहुतेक वेळा खरेखोटे कळते. सोयरीक जुळवताना ही चौकशी आपसूक होते.

लपवलेला तास

इतके करूनही कोणी फसलेच, तर पुढचा शत्रू भामटा नसून संकोच असतो. सुनेला वाटते, सासऱ्यांना काय सांगू. सासऱ्यांना वाटते, आयुष्यभर व्यापार केला आणि सोफ्यावर फसलो, हे चारचौघांत कळले तर काय म्हणतील. मग आधी स्वतःच त्या क्रमांकावर पुन्हा पुन्हा फोन करून पाहिले जाते, रात्र जाते, दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाला सांगितले जाते. तोवर रक्कम चार-पाच खात्यांतून फिरून कोठेतरी रोखीत निघालेली असते. फसवणूक झाल्यावरचा पहिला तास हाच पैसे परत मिळण्याचा तास असतो, आणि प्रतिष्ठित घरांत नेमका तोच लपवण्यात जातो. घरातील मोठ्यांनी आधीच, निवांत वेळी, सर्वांसमक्ष एवढे सांगून ठेवावे, की असे काही झाले तर कोणी कोणाला बोल लावणार नाही. फक्त लगेच सांगावे. दुकानातील नोकराकडूनही चूक झाली तर तो ती लवकर सांगेल, असे वातावरण जो मालक ठेवतो, त्याचे नुकसान कमी होते. घराला हाच न्याय लागू आहे.

सांगायचे कोठे, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर. गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या व्यवस्थेत बँका आणि पोलीस एकमेकांशी जोडलेले आहेत. तक्रार नोंदताच ती रक्कम ज्या खात्यात असेल तेथेच ती अडवण्याचा प्रयत्न होतो. त्यासोबत सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर लेखी तक्रार नोंदवावी. पैसे गेले नाहीत, पण संशयास्पद फोन किंवा संदेश आला, तर दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावरील 'चक्षु' या सोयीत तो कळवता येतो. दुसऱ्या कोणाचे तरी नुकसान त्यामुळे टळू शकते. कायद्यात हा गुन्हा लहान नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३१८ आणि ३१९, तसेच माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ड याला लागू पडतात. या शेवटच्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

बँकेकडून भरपाई मिळेल, ही आशा मात्र जपून धरावी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली. दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर भार येत नाही. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्यालाच सोसावा लागतो. आपल्याच हाताने टाकलेला पिन दुसऱ्या गटात ढकलला जाण्याचा संभव अधिक असतो. तरीही बँकेला तत्काळ कळवायचेच, कारण कळवल्यानंतर होणाऱ्या नुकसानीचा भार ग्राहकावर राहत नाही.

१९३० वर फोन करताना काही माहिती हाताशी असावी: खाते क्रमांक, रक्कम, व्यवहाराची वेळ, समोरच्याचा मोबाइल क्रमांक आणि यूपीआय पत्ता, तसेच व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, जो ॲपमधील व्यवहाराच्या तपशिलात मिळतो. संवाद पुसून टाकू नये, क्रमांक अडवण्याआधी त्याची छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि मिळालेला तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. त्याच दिवशी बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर तारीख व शिक्क्यासह पोच घ्यावी.